साखर पेशीत शिरते तेव्हा

एक टन ऊस गाळला की साधारण १०० किलो साखर मिळते. साखर न करता सगळा रस आंबवायला घेतला, तर त्याच उसाचे सुमारे ७० लिटर इथेनॉल होते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा हिशेब कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि नीरा-भीमा हे सहकारी कारखाने, जोडीला शेटफळगढ्याचा बारामती अ‍ॅग्रोसारखा खासगी कारखाना. एवढे गाळप ज्या पट्ट्यात चालते, तिथे उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण), एफआरपी, सी हेवी, बी हेवी हे शब्द चहाच्या टपरीवरही चालतात. उसाची जात कोणती, लागण कधीची, तोड वेळेवर मिळाली का, यावर उतारा कसा हलतो हे शेतकऱ्याला पाठ असते. पण रस किंवा मळी डिस्टिलरीच्या टाकीत गेल्यावर पुढे काय होते, यावर फारसे बोलणे होत नाही. तिथेही एक उतारा असतो. तो ठरवणाऱ्या गोष्टींमध्ये यीस्टच्या पेशीभोवतीचा पडदा आणि त्या पडद्यात बसलेली प्रथिने यांचा वाटा मोठा आहे. हे प्रकरण त्या पडद्याविषयी आहे.

कागदावरची कमाल

आंबवण्याचे रसायनशास्त्र जुने आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्यूसॅक याने १८१५ मध्येच त्याचे समीकरण मांडले. ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात. वजनात मोजायचे तर १०० किलो ग्लुकोजचे जास्तीत जास्त ५१ किलो इथेनॉल होऊ शकते, बाकीचे वायूरूपाने उडून जाते. उसातली साखर म्हणजे सुक्रोज. ती फुटताना पाण्याचा एक रेणू सामावून घेते, म्हणून १०० किलो सुक्रोजची कमाल थोडी जास्त, म्हणजे सुमारे ५४ किलो किंवा ६८ लिटर भरते. ही निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. कुठलेही यंत्र आणि कुठलाही सूक्ष्मजीव ती ओलांडू शकत नाही.

प्रत्यक्षात ती गाठलीही जात नाही. यीस्ट हा सजीव आहे. थोडी साखर तो स्वतःची वाढ करण्यासाठी खातो, थोडीचे ग्लिसरीन बनवतो, थोडी टाकीत घुसलेले जिवाणू पळवतात. चांगल्या डिस्टिलरीत कमालीच्या ९० टक्क्यांच्या आसपास इथेनॉल हाती येते. वरचे दहा टक्के किरकोळ वाटतील, पण हिशेब करून पाहावा. दिवसाला ६०,००० लिटर काढणाऱ्या डिस्टिलरीची कार्यक्षमता ९० वरून ९१ टक्क्यांवर गेली, तर रोज सुमारे ६६७ लिटर वाढतात. वर्षात ३०० दिवस काम धरले तर २ लाख लिटर होतात. सी हेवी मळीच्या इथेनॉलला २०२४-२५ साठी ठरलेला दर लिटरला ५७ रुपये ९७ पैसे होता. म्हणजे त्याच मळीतून, एकही जादा मोळी न गाळता, एक कोटीहून अधिक रुपये मिळतात.

दोन रेणूंची भिंत

यीस्टची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. तिच्याभोवती जाड कवच असते आणि कवचाच्या आत स्निग्ध पदार्थांचा, दोन रेणूंच्या जाडीचा पडदा. या पडद्यातून तेलात मिसळणारे पदार्थ सहज आरपार जातात. साखर पाण्यात विरघळणारी असल्याने तिला तो मज्जाव करतो. ती आत घ्यायची तर पडद्यात खास वाहक प्रथिने लागतात. साखर वाहणारे असे प्रथिन पडद्यातून बारा वेळा आरपार शिवल्यासारखे बसलेले असते. बाहेरच्या बाजूने साखरेचा रेणू धरायचा, स्वतःचा आकार बदलायचा आणि तो आत सोडायचा, हे त्याचे काम.

साखर कारखान्याची गाळप क्षमता कितीही असो, वजनकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग अडली की गव्हाण रिकामी पडते. पेशीचेही तसेच आहे. आतली विकरे (एन्झाइम) कितीही तत्पर असली, तरी त्यांना पडद्यातून येईल तेवढीच साखर मिळणार. जैवतंत्रज्ञानाने बरीच वर्षे आतल्या विकरांवर मेहनत घेतली. पडद्याकडे लक्ष उशिरा वळले, याला कारणही आहे. ही प्रथिने स्निग्ध पडद्यात रुतलेली असल्याने बाहेर काढली की त्यांचा आकार बिघडतो आणि त्यांचा अभ्यास अवघड होतो. एखाद्या जीवाच्या जनुकांपैकी साधारण पाव ते तिसरा हिस्सा पडद्यातील प्रथिनांसाठी असतो, तरीही त्यांची रचना उलगडायला पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनांपेक्षा कितीतरी जास्त काळ लागला.

सॅक्रोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे पावापासून डिस्टिलरीपर्यंत सगळीकडे राबणारे आपले नेहमीचे यीस्ट, ग्लुकोजसारख्या साध्या साखरांसाठी वीसच्या आसपास वाहक प्रथिने बाळगून असते. साखर भरपूर असताना काम करणारी वेगळी आणि साखर संपत आल्यावर तळ खरवडून काढणारी वेगळी.

आत फोडायची की बाहेर

आता उसाच्या साखरेकडे येऊ. सुक्रोज हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचा जोडरेणू. यीस्ट तो सहसा पडद्याबाहेर फोडते. त्यासाठी इन्व्हर्टेज नावाचे विकर ते पडदा आणि कवच यांच्यामधल्या जागेत सोडते. सुटे झालेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मग आपापल्या वाहकांतून आत जातात. बाहेर साखर जास्त आणि आत कमी, त्यामुळे या प्रवासाला यीस्टला काहीच ऊर्जा मोजावी लागत नाही. सुक्रोजच्या एका रेणूमागे पेशीला एटीपी या ऊर्जेच्या चलनाचे चार रेणू मिळतात.

ही सोय यीस्टच्या फायद्याची, पण डिस्टिलरीच्या फायद्याची नाही. ऊर्जा स्वस्तात मिळाली की यीस्ट वाढते, आणि वाढीत गेलेल्या साखरेचे इथेनॉल होत नाही. शिवाय बाहेर फोडून ठेवलेली साखर जिवाणूंच्याही हाती लागते.

ब्राझीलमधील बोरिस स्टॅम्बुक आणि नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी २०११ मध्ये याच्या उलट विचार केला. त्यांनी इन्व्हर्टेजचे जनुक असे बदलले की ते विकर पेशीच्या आतच राहावे. सुक्रोज आता अख्खेच आत यायला हवे. त्यासाठी यीस्टकडे एजीटी-१ नावाचे एक वाहक प्रथिन असते, पण ते फुकट काम करत नाही. सुक्रोजच्या प्रत्येक रेणूबरोबर ते एक प्रोटॉन आत घेते. आत प्रोटॉन साचले तर पेशी आंबट होऊन मरेल, म्हणून तो बाहेर फेकावा लागतो आणि त्या पंपाला एक एटीपी लागतो. चार एटीपींची कमाई तीनवर येते.

कमाई घटल्यावर यीस्टला जगण्यासाठी जास्त साखर जाळावी लागते. जाळलेल्या प्रत्येक साखरेचे इथेनॉल होते आणि वाढीसाठी उरते कमी. सुरुवातीला हे बदललेले यीस्ट साखर नीट आत घेईना. मग संशोधकांनी त्याला अनेक पिढ्या सुक्रोजच्या तुटवड्यात वाढवले. ज्या पेशींनी एजीटी-१ जास्त बनवले त्याच टिकल्या. शेवटी मिळालेल्या वाणाने मूळ वाणापेक्षा ११ टक्के जास्त इथेनॉल दिले.

हा ११ टक्क्यांचा आकडा प्रयोगशाळेतल्या यीस्टचा आणि प्रयोगशाळेतल्या पात्राचा आहे, हे विसरून चालणार नाही. आधीच ९० टक्क्यांवर असलेल्या डिस्टिलरीत ११ टक्क्यांची भर पडायला मुळात तेवढी जागाच नाही. तिथे दोन-तीन टक्के मिळाले तरी पुष्कळ. मात्र त्यामागचे तत्त्व पक्के आहे. साखर पडद्यातून कशी आत येते एवढेच बदलूनही इथेनॉल वाढते.

दारू आणि उन्हाळा सोसणारा पडदा

टाकीतले इथेनॉल वाढू लागले की यीस्ट मंदावते. मळीच्या आंबवणात ते साधारण ८ ते १० टक्क्यांपर्यंत नेले जाते. इथेनॉल स्निग्ध पडद्यात घुसते, पडदा ढिला पडतो आणि आतबाहेरच्या क्षारांचा तोल जातो. डिस्टिलरीला ही टक्केवारी दोन कारणांनी महत्त्वाची आहे. द्रावणात ८ टक्के इथेनॉल असेल तर एका लिटरसाठी साडेबारा लिटर द्रावण उकळावे लागते. १२ टक्के असेल तर सुमारे सव्वाआठ लिटर पुरते. वाफ वाचते आणि मागे उरणारे स्पेंट वॉशही घटते. स्पेंट वॉशची विल्हेवाट ही प्रत्येक डिस्टिलरीची डोकेदुखी आहे, हे कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्यांना सांगायला नको.

ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात यीस्टच्या सहनशक्तीवर दोन शोधनिबंध पाठोपाठ छापून आले. दोन्हींचे उत्तर पडद्यात सापडले. पहिला अमेरिकेतील एमआयटीच्या गटाचा. द्रावणातला पालाश (पोटॅशियम) वाढवला आणि आंबटपणा कमी केला, तर यीस्ट जास्त इथेनॉल सोसते आणि जास्त इथेनॉल बनवते, असे त्यांना दिसले. मग त्यांनी पडद्यातली दोन प्रथिने वाढवली. पोटॅशियम आत घेणारे टीआरके-१ आणि प्रोटॉन बाहेर फेकणारे पीएमए-१. या बदलानेही यीस्टची सहनशक्ती वाढली. आतबाहेरचा विद्युत तोल शाबूत राहिला, तर पडदा इथेनॉलपुढे जास्त वेळ टिकतो, असा त्याचा अर्थ.

मळीत पालाश मुळातच भरपूर असतो. तो उसाबरोबर शेतातून येतो आणि इथेनॉल काढल्यावर स्पेंट वॉशमध्ये उरतो. अनेक डिस्टिलऱ्या स्पेंट वॉश आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्या राखेपासून केलेले १४.५ टक्के पालाशाचे खत २०२१ पासून केंद्राच्या अनुदानाच्या यादीत आहे. त्यामुळे बाहेरून पालाश घालण्याची युक्ती आपल्या मळीत फारशी कामाची नाही. आपल्यासाठी धडा आहे तो पंपांचा. मळीतल्या क्षारांचा आणि आंबटपणाचा भार पेलायला पडद्यावरचे पंप तगडे हवेत.

दुसरा शोधनिबंध स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठाच्या येन्स नील्सन यांच्या गटाचा. त्यांनी यीस्टला ४० अंशांच्या जवळपास पिढ्यान्‌पिढ्या वाढवून उष्णता सोसणारे वाण मिळवले आणि त्यांच्या जनुकांत काय बदलले ते तपासले. पडद्याला ताठपणा देणाऱ्या अर्गोस्टेरॉल या पदार्थाची जागा थोड्या वेगळ्या स्टेरॉलने घेतली होती. एवढ्या बदलाने पडदा उन्हाळ्याला तयार झाला. इंदापूरला मार्च-एप्रिलचे ऊन कसे असते हे तिथल्या डिस्टिलरीत काम करणारा जाणतो. आंबवताना यीस्ट स्वतःही उष्णता सोडते, आणि टाकी ३२-३४ अंशांवर ठेवण्यासाठी पाणी आणि वीज सतत खर्चावी लागते. चार अंश जास्त सोसणारे यीस्ट मिळाले तर उन्हाळ्यातले किती पाणी वाचेल, हा प्रश्न दुष्काळी पट्ट्यात केवळ शास्त्राचा उरत नाही.

डिस्टिलरीतली एक जुनी रीतही इथे उलगडते. मोठ्या टाकीत यीस्टला हवा लागत नाही, तरी आधीच्या लहान टाकीत हवा सोडून ते वाढवून घेतात. यीस्टला ऑक्सिजनशिवाय अर्गोस्टेरॉल बनवता येत नाही, हे अँड्रियासेन आणि स्टायर यांनी १९५३ मध्ये दाखवले. लहान टाकीत यीस्ट पुढच्या प्रवासासाठी पडद्याची सामग्री साठवून घेते.

बगॅसमधली साखर

रस निघून गेल्यावर उरणाऱ्या बगॅसमध्येही साखर असते, पण ती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या धाग्यांत बांधलेली. धागे तोडल्यावर सेल्युलोजपासून ग्लुकोज मिळते, हेमिसेल्युलोजपासून मुख्यतः झायलोज. आपले यीस्ट झायलोज आंबवत नाही. त्यासाठी लागणारे विकर हत्तीच्या शेणातून वेगळ्या केलेल्या पायरोमायसेस या बुरशीत मिळाले. डेल्फ्टच्या संशोधकांनी २००३ च्या सुमारास त्याचे जनुक यीस्टमध्ये घातले.

तरीही एक अडचण राहिली आणि ती पुन्हा पडद्यावरचीच. झायलोजसाठी यीस्टकडे स्वतंत्र वाहक नाही. ते ग्लुकोजच्याच वाहकांतून चोरट्या वाटेने शिरते. ग्लुकोज समोर असेपर्यंत वाहक झायलोजला जागा देत नाहीत. आधी ग्लुकोज संपणार, मग झायलोजची पाळी, आणि तोवर यीस्ट दमलेले. २०१४ मध्ये जर्मनी आणि नेदरलँड्समधील दोन गटांनी यावर जवळपास एकच तोडगा काढला. वाहक प्रथिनातल्या एका ठरावीक जागचे अ‍ॅमिनो आम्ल बदलले, की झायलोज नेताना ग्लुकोजचा अडथळा उरत नाही. पाचशेहून अधिक अ‍ॅमिनो आम्लांच्या साखळीतला एक मणी बदलला आणि दोन्ही साखरा बरोबरीने आत येऊ लागल्या.

पुणे जिल्ह्यात या वाटेवर काम सुरू होऊन बराच काळ झाला आहे. प्राज इंडस्ट्रीजने दौंड तालुक्यात २०१७ मध्ये शेतीच्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. त्याच कंपनीच्या तंत्रावर उभा राहिलेला इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. तिथला कच्चा माल भाताचा पेंढा आहे. बारामतीकरांनी मात्र बगॅस फुकट आहे असे समजू नये. ते कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते, त्यावर कारखाना चालतो आणि उरलेली वीज महावितरणला विकली जाते. पाचटाचेही तसेच. ते शेतात आच्छादन म्हणून राहिले तर ओल टिकते आणि जमिनीचा कस वाढतो. यीस्टला झायलोज आत घेता आले म्हणून शेताच्या वाट्याचे पाचट ओरबाडून नेणे शहाणपणाचे होणार नाही.

बाहेर पडण्याचीही किंमत असते

साखर आत घेणे हा पडद्याचा अर्धा व्यवहार. तयार झालेला माल बाहेर काढणे हा उरलेला अर्धा. इथेनॉल पडद्यातून आपोआप झिरपते, त्याला वाहकाची गरज नसते. म्हणूनच इथेनॉल हा आंबवणाचा सर्वात सोपा माल ठरला. लॅक्टिक आम्लाचे तसे नाही. पुण्याहून बारामतीला जाताना लागणाऱ्या जेजुरीत प्राजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. तिथे साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून पॉलिलॅक्टिक आम्ल हे कुजू शकणारे प्लास्टिक होते. यीस्टकडून लॅक्टिक आम्ल करवून घेण्याचे प्रयोग जगात बरेच झाले. त्यांत एक कोडे होते. हिशेबाने ऊर्जा शिल्लक राहायला हवी, तरी यीस्ट हवेशिवाय वाढेना. आम्ल पडद्याबाहेर ढकलण्यातच मिळालेली ऊर्जा खर्च होत असावी, असे डेल्फ्टच्या संशोधकांनी सुचवले. उसापासून इंधनापलीकडे जे काही करायचे आहे, त्यात ही बाहेर पडण्याची किंमत पुन्हा पुन्हा आडवी येणार आहे.

आपल्या टाक्यांत काय आहे

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा चाचणी प्रयोग २००१ मध्ये झाला, तेव्हा निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातली होती. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला, २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. मधल्या काळात डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधन आणले आणि पुढच्या वर्षी ते उठवले. आता देशातल्या इथेनॉलचा मोठा हिस्सा मका आणि तांदळापासून येतो. धोरण असे हेलकावे खात असताना कारखान्याच्या हातात एकच गोष्ट खात्रीची राहते, ती म्हणजे मिळालेल्या साखरेतून जास्त लिटर काढणे.

त्यासाठी लागणारी माणसे आणि संस्था जवळच आहेत. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ऊस उत्पादकांच्या सहकारी कारखान्यांनी १९७५ मध्ये उभी केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह १९५१ पासून आहे. बारामतीजवळ माळेगावात दुष्काळ, क्षार आणि उष्णता यांसारख्या ताणांवर काम करणारी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था २००९ पासून आहे. जनुक बदललेले यीस्ट कारखान्यात आणायचे तर १९८९ च्या नियमांप्रमाणे संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि त्यावरच्या केंद्रीय समित्यांची परवानगी लागते. हे बंधन योग्यच आहे, कारण टाकीतला यीस्टचा गाळ शेवटी कुठेतरी मातीत जातो.

पण पहिल्या पावलाला परवानगी लागत नाही. ब्राझीलच्या डिस्टिलऱ्यांत पीई-२ आणि कॅट-१ ही यीस्टची वाणे गाजली. ती कुणी प्रयोगशाळेत घडवली नव्हती. बाहेरून आणून टाकलेल्या यीस्टला टाकीतल्या रानटी यीस्टने काही आठवड्यांत हुसकावून लावले आणि तेच पुढे वेगळे करून वापरात आणले गेले. माळेगाव, सोमेश्वर किंवा बिजवडीच्या टाक्यांतही हंगामामागून हंगाम मळीतले क्षार, उन्हाळा आणि आंबटपणा सोसून टिकलेले यीस्ट असणारच. हंगामाच्या अखेरीला प्रत्येक डिस्टिलरीने त्याचे नमुने जपून संग्रहात पाठवावेत, त्यांच्या पडद्याची तपासणी व्हावी आणि वाहक प्रथिनांतले बदल करायचेच झाले तर ते या गावच्या वाणांत करावेत. नीरा आणि भीमेच्या पाण्यावर आणखी ऊस वाढवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वस्त आहे.